फ्यूज बदलल्याने पडणारा फरक

६ एप्रिल, रविवार. सकाळी.

फ्यूज आला. एकदाचा आला. कुरियरवाला आमच्या सगळ्या तुकूम वस्तीला पत्ता विचारत आला, त्यामुळे आपल्याकडे काहीतरी आलंय हे सगळ्या तुकूमला कळलं. पाकीट एवढंसं. बायकोनं, सत्यशीलानं, हातात घेऊन हलवून पाहिलं. "यात काय हाये? गोळ्या?" मी म्हणालो, पार्ट आहे. किंमत इथे लिहीत नाही. रोजनिशी खाजगी असली तरी कपाटाला कुलूप नाही.

फ्यूज म्हणजे तसं काय, बोटाच्या पेराएवढी काचेची नळी आणि आत तार. वीज जास्त आली की तार जळते, मशीन वाचतं. पॉवर स्टेशनच्या स्टोअरमध्ये उभी नोकरी काढली, असे फ्यूज खोक्यांनी मोजून दिले. पण आवाजाच्या दृष्टीने त्यांच्याकडे कधी पाहिलं नाही. हा फ्यूज निराळा. दोन्ही टोकांना सोन्याचा मुलामा, आत चांदीची तार आणि वर बारीक बाण. वीज कुठून कुठे जावी ते बाण दाखवतो. घरातली वीज तर सारखी उलटसुलट जाते, मग बाण कशाला, असा प्रश्न आमच्या 'सूक्ष्मश्रवण' ग्रुपवर एकाने विचारला होता. त्याला ग्रुपमधून काढलं.

संकल्प: गाणी ऐकायच्या सिस्टिमवर यापुढे खर्च नाही. हा शेवटचा.

तोच दिवस. दुपारी.

ॲम्प्लिफायरच्या मागचं झाकण उघडून बसवला. सुती हातमोजे घालून. ठुमरीची रेकॉर्ड लावली. काय सांगू! खिडकीवरची जाळी काढावी तसं झालं. बाईंनी श्वास घेतलेला ऐकू आला. सत्यशीला म्हणते, तो कुकर होता.

तोच दिवस. रात्री ८.

नूरभाई येऊन गेले. नूर मोहम्मद, गोल बाजारातले चष्मेवाले. माझा पहिला चष्मा त्यांनीच लावला, तेव्हाची ओळख. दर रविवारी संध्याकाळी येतात. एक रेकॉर्ड ऐकतो, चहा पितो, ते जातात. आमचा मुलगा पुण्याला गेला, मी रिटायर झालो, त्यांच्या घरच्या वारल्या, पण रविवार चुकला नाही. असा श्रोता चंद्रपुरात दुसरा नाही. योग्य जागी मान हलवतात, योग्य जागी वाह म्हणतात.

आज रेकॉर्ड संपल्यावर विचारलं, काय फरक वाटला? ते म्हणाले, "अच्छा है." मी म्हणालो, अच्छा तर आहेच, पण फरक? दोनदा विचारावं लागलं. मग माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाले, "धनराजभाऊ, खोटं काऊन बोलू? मले तं पह्यल्यासारखंच वाटून राह्यलं."

हरकत नाही. सवयीचा प्रश्न आहे.

८ एप्रिल, मंगळवार.

ग्रुपवर विचारलं. पुण्याचे ॲडमिन म्हणतात, नवा फ्यूज मुरावा लागतो, लोणच्यासारखा. सिस्टिम दिवसभर चालू ठेवतो आहे. सत्यशीला म्हणते मीटर पळून राह्यलं. मी म्हटलं, पळू दे.

१३ एप्रिल, रविवार.

शांतपणे लिहितो. मी शांत आहे.

आज शास्त्रीय चाचणी ठरवली होती. मी डोळे मिटून खुर्चीत बसणार. नूरभाई मागे जाऊन कधी साधा फ्यूज घालणार, कधी सोनेरी. मी ओळखणार. बोलून सांगू नका, बोट दाखवा, असं तेच म्हणाले. साध्याला एक बोट, सोनेरीला दोन.

पहिल्यांदाच ओळखलं. साधा! आवाज गोणपाटात गुंडाळल्यासारखा. मग दोन बोटं: काय ती मोकळीक! मग परत एक. मग दोन. एकदाही अडखळलो नाही. डोळे उघडले तर सत्यशीला दारात उभी, पदर तोंडाला लावलेला. तिनं मूठ उघडली. सोनेरी फ्यूज तिच्या तळहातावर. पहिल्यापासून तिथेच. नूरभाईंनी दर वेळी झाकण उघडून साधाच फ्यूज काढून परत घातला.

सत्यशीला हसून हसून खाली बसली. नूरभाईही हसत होते. म्हणाले, "भाऊ, गुस्सा नका करू. दुकानात मी बी कधी कधी तेच काच दोनदा लावतो. गिऱ्हाईक म्हंते, हां, आता साफ दिसते!"

मी वस्तुस्थिती म्हणून एवढंच म्हणालो, की चेष्टा सोपी असते. आणि तुम्हाला तरी ऐकू कुठे येतं नूरभाई? दोन-तीन वर्षं पाहतोय, माझ्याकडे बघून नुसती मान हलवता.

हे थोडं मोठ्याने म्हणालो असेन.

त्यांचं हसू थांबलं. "तुमाले मालूम होतं?" असं म्हणाले. टोमणा! मीही म्हणालो, मला काय, साऱ्या चंद्रपूरला माहीत आहे.

मग त्यांनी चपला घातल्या. चहा तसाच राहिला. सत्यशीला माझ्याशी बोलत नाही. चाचणीची पद्धतच चुकीची होती. फ्यूज बाहेर राहिला तरी आठवडाभर मुरलेल्या सर्किटमध्ये त्याचा गुण उतरतोच. ग्रुपवर याला दुजोरा मिळाला आहे.

१५ एप्रिल, मंगळवार.

नूरभाईंचा फोन नाही. रविवारी येतीलच. आले की मी काही बोलणार नाही. मोठ्या मनाने रेकॉर्ड लावीन.

२० एप्रिल, रविवार.

आले नाहीत. ऊन फार आहे, चव्वेचाळीस. उन्हात कोण येतं? एकट्याने ऐकलं. उलट जास्त लक्ष लागतं. मध्ये मध्ये वाह म्हणायला कुणी नाही, त्यामुळे बारकावे सुटत नाहीत.

दोन कप चहा आला होता. सत्यशीलाची चूक. दोन्ही प्यायलो.

२७ एप्रिल, रविवार.

माझं ऐकणं काही एका माणसावर अवलंबून नाही. आज सोमाजीला बोलावलं. स्टोअरमध्ये माझ्या हाताखाली होता, मला मानतो. विलंबितात झोपला. द्रुत सुरू झालं तेव्हा दचकून उठला आणि म्हणाला, "साहेब, आवाज लय खतरनाक हाये. वरातीले नेता येईन." जाताना पोह्यांची स्तुती करून गेला. सोमाजीला परत बोलवायचं नाही.

४ मे, रविवार.

सहज गोल बाजारात गेलो. चष्म्याची दांडी थोडी सैल वाटत होती. नूरभाईंचं दुकान बंद. रविवारीही दुपारपर्यंत उघडं असतं. बाजूचा भांडेवाला म्हणाला, आठ दिवस झाले. माल आणायला नागपूरला गेले असणार. मी आलो होतो असा निरोप ठेवला नाही. त्यांनी पहिलं पाऊल टाकावं. अपमान माझा झाला आहे.

दांडी घरी सेलोटेपने बसवली.

११ मे, रविवार.

भिंतीच्या बोर्डासाठीही तसलाच फ्यूज मागवला. सहा एप्रिलचा संकल्प सिस्टिमबद्दल होता. बोर्ड भिंतीचा आहे.

बसवला. फरक आहे. आहेच. कुणाला सांगावा, असं वाटलं. पुण्याच्या ॲडमिनला फोन केला, त्यांनी उचलला नाही.

१९ मे, सोमवार.

दांडीचा सेलोटेप उन्हाने सुटला म्हणून परत गोल बाजारात गेलो. शटर अर्धं वर. आत शाजिया, नूरभाईंची मुलगी. चामोर्शीला शाळेत शिकवते. काचेच्या कपाटातल्या फ्रेमा खोक्यांत भरत होती. मी विचारलं, अब्बा कुठे आहेत? ती म्हणाली, चामोर्शीला, माझ्याकडे. दुकान देऊन टाकलं चाचा.

तिनं बसायला स्टूल दिलं. मग ती बोलली ते जसंच्या तसं लिहितो.

"चाचा, अब्बाचे कान दोन-तीन सालापासून जाऊन राह्यले होते. नागपूरले दाखवलं. मशीन दिली डॉक्टरनं, पन त्यांले आवाज साफ येत नाई, निस्ती घरघर. आता तं कानाजवळ बोललं तरच समजते. दुकानात गिऱ्हाईक काय बोलते समजेना. पन रविवार नाई सोडला त्यायनं. मी म्हणो, अब्बा, तुमाले आयकू येत नाई, काय करता जाऊन? तं म्हणत, धनराजभाऊची मान पाहतो. ते हलवतात तवा वाह म्हंतो. अकेले बैठके क्या सुनेंगे वो?"

मी चष्मा काढून दांडी दाबत राहिलो.

"आन् तुमाले सारं मालूम होतं ना चाचा? अब्बा घरी आले त्या दिवशी रडले. म्हणे, धनराजभाऊले पह्यलेपासून मालूम होतं आन् कधी बोलून नाई दाखवलं. कितना लिहाज रखा मेरा. एक दिवस तोंडातून निघालं असन, आदमी थकतोच. आता त्यायले आनखी तकलीफ नाई द्याची."

मी म्हणालो, हो.

काय म्हणायचं होतं? मी हो म्हणालो. तिनं माझ्या चष्म्याची दांडी बसवून दिली. पैसे घेतले नाहीत.

घरी येताना ऑटोत लक्षात आलं की नूरभाईंना ऐकूच येत नव्हतं, म्हणजे फ्यूजने फरक पडत नाही ही त्यांची साक्ष बाद. चाचणी रद्द. तांत्रिकदृष्ट्या मी बरोबर ठरतो.

हे ग्रुपवर टाकायला घेतलं. दोन ओळी लिहिल्या. मग फोन ठेवून दिला.

२० मे, मंगळवार.

सत्यशीलाला सांगितलं. तिला आश्चर्य वाटलं नाही. म्हणाली, "दारावरची बेल वाजली तरी त्यायची मान हालत नसे. कप पुढे ठेवला की मंग पाहत. मले वाटलं तुमाले मालूम हाये. तुमी बाजूले बसत होते ना?"

मी डोळे मिटून बसायचो. डोळे मिटल्याशिवाय रेकॉर्डमधल्या स्टेजवर कोण वादक कुठे बसलाय ते कळत नाही. पण हे तिला सांगून उपयोग नव्हता.

२४ मे, शनिवार.

योजना पक्की. सिस्टिम घेऊन चामोर्शीला जायचं. कान कमजोर असतील तर आवाज अधिक स्वच्छ हवा, साधं गणित आहे. साध्या फ्यूजवरचं त्यांना पोचत नव्हतं. सोनेरीवरचं पोचेल. कानाजवळ स्पीकर ठेवू. गेल्या वेळी मुरला नव्हता, आता पूर्ण मुरला आहे. आणि मग त्यांना सांगायचं, की मला काही माहीत नव्हतं, रागात सुचलं ते बोललो. मी लिहाज, मुलाहिजा वगैरे ठेवला नव्हता. ते शेवटी सांगायचं, जमलं तर.

१ जून, रविवार. रात्री ९. घरी.

थकलो आहे, पण लिहून ठेवतो.

सकाळी सत्यशीलानं तिची जुनी लुगडी दिली. रेकॉर्ड प्लेअर त्यात गुंडाळला, लहान स्पीकर पोत्यात, ॲम्प्लिफायर मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "हे काय, मिक्सर?" मी म्हटलं, ॲम्प्लिफायर. "मंग मांडीवरच ठेवा, पोरगं समजून." मूल गावाजवळच्या जंगलात बस थांबली, कुणाला तरी वाघ दिसला. सगळे एका बाजूला झुकले. मी ॲम्प्लिफायर सोडला नाही.

नूरभाई शाजियाच्या घराच्या पायरीवर बसले होते. मला पाहून उठले. वाळले आहेत. दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि सोडेचनात. मग सामान पाहून हसले, "पूरी बरात लेके आये भाऊ!"

सगळं जोडलं. ठुमरीची रेकॉर्ड ठेवली. नूरभाई खुर्चीत, स्पीकर त्यांच्या कानापासून हातभर. माझ्या घरी स्टॅबिलायझर आहे, तिथे नव्हता. बटण दाबलं तसा वरचा पंखा एकदम सुसाट सुटला आणि परत मंदावला. ॲम्प्लिफायरच्या आत टक् झालं. खटका खालीवर केला. काही नाही. फ्यूज गेला. जे फ्यूजचं काम असतं ते त्याने केलं. साधे फ्यूज घरी टेबलाच्या खणात.

प्लेअरचा प्लग वेगळा, त्यामुळे रेकॉर्ड फिरत होती. सुई तिच्यावर चालत होती. स्पीकर गप्प.

सांगायला वळलो तर नूरभाईंनी डोळे मिटलेले. बोटं मांडीवर ताल धरत होती. मग त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. माझ्या मानेकडे.

मी मान हलवली.

"वाह," नूरभाई म्हणाले. "वाह, भाऊ."

स्पीकर बंद असला तरी सुईतून बारीकसा आवाज येतो, डास गुणगुणावा तसा. मी खुर्ची प्लेअरला चिकटवली आणि कान खाली नेला. बाई गात होत्या, फार लांबून. त्यांच्या मागोमाग जात राहिलो. दाद द्यायची जागा आली की मान हलवायची. डोळे उघडे ठेवले होते. मान हलली की त्यांचा हात वर जायचा. एकदा मी जागा चुकलो, तेही चुकले.

शाजिया सरबत घेऊन आली आणि दारातच थांबली. फिरती रेकॉर्ड पाहिली, स्पीकर पाहिले, मग मला. मी डोळ्यांनीच नको म्हणालो. तिनं पेले ठेवले आणि आमच्यापाशी खाली बसली.

बाजू संपल्यावर नूरभाई म्हणाले, "धनराजभाऊ, मी गलत होतो. फरक हाये. लय फरक हाये."

मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडलो, "मी म्हणत नव्हतो?"

ते लहान पोरासारखे खूश झाले. "दुसरी बाजू बी लावा," म्हणाले.

दुसरी बाजूही लावली.

स्टँडवर सोडायला आले. बसची वाट पाहताना म्हणाले, "त्या दिवसाचं मनात नका ठेवू. तुमी तं दोन साल मले सांभाळलं. कोन करते एवढं?" आता सांगायचं, असं ठरवलं. तोंड त्यांच्या कानाशी नेलं. तेवढ्यात बस आली आणि मागच्या लोकांनी ढकललं.

२ जून, सोमवार.

खणातला साधा फ्यूज घातला. ठुमरी लावली. आवाज पहिल्यासारखा आला. अगदी पहिल्यासारखा. बराच वेळ ऐकत बसलो, काही कमी आहे का पाहायला. फ्यूजमुळे कमी झालेलं काही सापडलं नाही.

पुण्याच्या ॲडमिनचा मेसेज: महिना-दोन महिन्यांचा अनुभव सविस्तर लिहा, नव्या सभासदांना मार्गदर्शन होईल. लिहिलं नाही.

संकल्प: दर रविवारी चामोर्शी. ऊन असो, पाऊस असो. पुढच्या खेपेला जे सांगायचं ते बसवर न ठेवता आल्या आल्या सांगायचं.

८ जून, रविवार.

काल ईद झाली. शाजियाचा फोन होता, अब्बा विचारून राह्यले, चाचा उद्या येतात ना? मी म्हणालो, म्हणजे काय, पहिल्या बसने.

सत्यशीलानं पहाटे डबा केला. मी ॲम्प्लिफायर लुगड्यात गुंडाळायला घेतला तर म्हणाली, "ते काऊन नेता? त्यायले आयकू येत नाई ना?" खरं होतं. डबा आणि पाण्याची बाटली घेऊन निघालो. हात फार मोकळे वाटत होते.

स्टँडवर बाकावर बसलो. बस लागली. चढावं म्हणून उठलो आणि मनात आलं, मशीन नाही तर तिथे समोरासमोर बसून करायचं काय? बोलायचं तर ओरडून बोलावं लागेल. आणि काय बोलायचं? इतक्या वर्षांत मी त्यांना काही विचारल्याचं आठवेना. त्यांच्या घरच्या गेल्या त्या रविवारीही ते आले होते आणि मी रेकॉर्डच लावली होती. मशीन नेलं असतं तर मान हलवत बसलो असतो आणि त्यांनी वाह म्हटलं असतं. तेही परत एकदा बघवलं नसतं.

बस सुटली. ठीक आहे, पुढच्या बसने. पुढची लागली, भरली, तीही सुटली. बाजूच्या बाईने विचारलं, "कुठी जाऊन राह्यले भाऊ?" मी म्हणालो, कुठे नाही.

शाजियाला फोन केला. तब्येत बरी नाही, ऊन लागलं. ती म्हणाली, "काळजी घ्या चाचा. अब्बा सकाळपासूनच इकडच्या स्टँडवर जाऊन बसले हायेत. जाऊन सांगतो त्यायले."

घरी आलो. सत्यशीलानं डब्याकडे पाहिलं, विचारलं काही नाही. तिथेच बसून डबा खाल्ला. भेंडीची भाजी होती. अजून गरम होती.